घर हवंय अड्यारला, तेही भाड्याने!

“अहो, दहा महिन्यांचं भाडं आगाऊ? म्हणजे साडेचार लाख!”

वाक्य तिथेच सोडून ती खिडकीपाशी गेली. नवव्या मजल्यावरून समुद्राची निळी रेघ दिसत होती आणि वारा असा होता की ओढणी सावरता सावरता नको झालं. घर तिच्या मनात भरलं होतं. पण साडेचार लाख उभे करायचे म्हणजे तिच्या नावावरची मुदत ठेव मोडावी लागणार, हे दोघांनाही कळत होतं. दलाल मात्र शांतपणे म्हणाला, “चेन्नईत असंच असतं, मॅडम.”

पुण्यामुंबईहून बदली होऊन चेन्नईला जाणाऱ्या बहुतेक मराठी जोडप्यांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. आपल्याकडे ज्याला डिपॉझिट म्हणतात, त्याला तिथे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स ही तिथली जुनी रीत आहे. घर सोडताना त्यातून रंगकामासाठी महिनाभराचं भाडं कापून घेण्याचीही प्रथा आहे. भिंतीला तुम्ही एक खिळासुद्धा मारला नसला तरी!

खरं तर या रिवाजाला कायद्याने वेसण घातली आहे. घरमालक आणि भाडेकरू यांच्या हक्कांविषयीचा तामिळनाडूचा 2017चा कायदा फेब्रुवारी 2019मध्ये लागू झाला. त्यानुसार तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही. मात्र त्यात एक मेख आहे. दोघांनी करारातच वेगळं ठरवलं असेल, तर तो आकडा मान्य होतो. म्हणजे दहा महिने हा काही नियम नव्हे, तो तुम्ही सही केल्यावरच तुम्हाला लागू होतो. तेव्हा सहीपूर्वी घासाघीस करायला लाजू नये. साड्यांच्या दुकानात पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घालवणारी माणसं इथे मात्र भिडेपोटी गप्प बसतात, याचं नवल वाटतं.

वरून दिसणारं आणि न दिसणारं

अड्यार हा तसा जुना, झाडाझुडपांचा भाग. एका बाजूला थिऑसॉफिकल सोसायटीचं विस्तीर्ण आवार आणि तिथला प्रसिद्ध वटवृक्ष, जवळच 1954 साली सुरू झालेली कर्करोग संस्था, पलीकडे आयआयटीची हिरवाई, खाली बेझंटनगरचा इलियट्स बीच. गांधीनगर, कस्तुरबानगर, इंदिरानगरच्या गल्ल्यांत अजूनही तीन-चार मजली इमारतीच अधिक. उंच इमारतींतली घरं मोजकी, त्यामुळे त्यांचा भाव चढा. तामिळनाडूच्या 2019च्या बांधकाम नियमांप्रमाणे 18.30 मीटरपेक्षा उंच इमारत ‘उंच इमारत’ समजली जाते आणि तिला अग्निशमनाचे नियम अधिक कडक असतात. तेव्हा लिफ्टमधला आरसा पाहून खूश होण्याआधी दोन्ही जिने मोकळे आहेत की तिथे जुन्या सायकली आणि कुंड्या रचल्या आहेत, ते पाहून घ्यावं.

घर दुपारी तीन-चारच्या सुमारास पाहावं. सकाळी सगळीच घरं प्रसन्न दिसतात. मे महिन्यात इथे ‘अग्निनक्षत्रम्’ नावाचा उन्हाचा कडाका असतो. पश्चिमेकडची शयनगृहं आणि गच्चीखालचा शेवटचा मजला त्या दिवसांत अक्षरशः भाजून निघतो. समुद्राचा वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतो. तो घरात खेळायला हवा, नुसता खिडकीशी नव्हे. आणि समुद्र जवळ म्हणजे खारी हवाही जवळ. खिडक्यांचे गज, एसीचे बाहेरचे भाग गंजले आहेत का, ते बोटाने खरवडून पाहिलेलं बरं.

पण सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. चेन्नईत पाणी दोन्ही बाजूंनी छळतं. 2019च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले होते आणि टँकरसाठी रांगा लागल्या होत्या. त्याआधी डिसेंबर 2015मध्ये चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला सुमारे 29,000 घनफूट पाणी सोडलं गेलं, अड्यार नदी फुगली आणि कोट्टूरपुरम, सैदापेट यांसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. 2023च्या डिसेंबरातही मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी शहर पाण्याखाली गेलं. इथला मोठा पाऊस जून-जुलैचा नव्हे, ऑक्टोबर ते डिसेंबरचा, हे महाराष्ट्रातून जाणाऱ्याने गाठीशी बांधून ठेवावं.

“आपण नवव्या मजल्यावर, आपल्याला पुराचं काय भय?” असं तिच्या नवऱ्याला वाटलं होतं. उत्तर मिळालं ते वॉचमनकडून. वीज गेली, तळाची मोटर बुडाली की लिफ्ट बंद आणि नळही कोरडे. मग नऊ मजले बादली घेऊन चढायचं! म्हणून जनरेटर कुठे ठेवला आहे, मीटर आणि पंप किती उंचावर आहेत, 2015मध्ये पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं, महापालिकेचं पाणी किती येतं आणि बोअरचं पाणी खारट आहे का, हे प्रश्न मालकाला नव्हे, वॉचमनला आणि शेजारणीला विचारावेत. मालक बहुधा तिथे राहतच नसतो.

स्वयंपाकघरातली चौकशी

“तुम्ही शाकाहारी ना?” हा प्रश्न अड्यारमध्ये हमखास येतो. काही जाहिरातींत तर ‘फक्त शाकाहारींसाठी’ असं स्पष्टच लिहिलेलं असतं. हे जोडपं मासे खाणारं. नवऱ्याने डोळ्याने खुणावलं, ‘हो म्हण.’ तिने मात्र खरं ते सांगून टाकलं आणि एक चांगलं घर हातचं गेलं. तिचं चुकलं असं कोण म्हणेल? तळलेल्या सुरमईचा वास लपवत दोन वर्षं काढायची म्हणजे घर नव्हे, शिक्षाच. बेझंटनगरच्या कोळीवाड्यालगत ताजे मासे मिळतात. सुरमईला ‘वंजरम’ आणि पापलेटला ‘वव्वाल’ म्हणायचं, एवढी दोन नावं पाठ केली की काम भागतं.

भाषेची धास्ती मात्र फार बाळगू नये. पाण्याला ‘तण्णी’, भाड्याला ‘वाडगै’, असे पन्नासेक शब्द महिन्याभरात जमतात. शिवाय सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले तंजावरला गेले, त्यांच्या मागोमाग तिकडे स्थिरावलेल्या घराण्यांचे वंशज आज चेन्नईतही आहेत. त्यांची तामिळ वळणाची मराठी अचानक लिफ्टमध्ये कानावर पडली तर दचकू नका.

सही कुणाकुणाची?

आणखी एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते. भाडेकरार नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने होतो. नव्या शहरात बायकोला बँकेत खातं उघडायचं असो की गॅसच्या कागदपत्रांसाठी पत्ता दाखवायचा असो, दरवेळी ‘मिस्टरांना घेऊन या’ हे ऐकावं लागतं. अनामतीत तिचे पैसे असतील तर तिचं नाव करारात हवंच. रक्कम चेकने किंवा बँकेतून द्यावी आणि कुणाच्या खात्यातून किती गेली, ते करारात लिहून घ्यावं. नव्या कायद्याप्रमाणे करार लेखी हवा, त्याची भाडे प्राधिकरणाकडे नोंद हवी. घर सोडल्यावर देणी वजा करून अनामत महिन्याभरात परत मिळायला हवी, मालकाला घर पाहायला यायचं तर चोवीस तास आधी लेखी कळवायला हवं आणि भांडण झालं म्हणून त्याला पाणी-वीज तोडता येत नाही. रंगकामाची कपात किती, तेही आधीच आकड्यात लिहून घ्यावं.

नवव्या मजल्यावरच्या घराचा मालक दहाच्या खाली यायला तयार होईना. दोघांनी आणखी दोन रविवार पायपीट केली आणि सहाव्या मजल्यावरचं एक घर पाच महिन्यांच्या अ‍ॅडव्हान्सवर ठरवलं. समुद्र दिसत नाही, पण वारा येतो. दोन लाख पंचवीस हजार दोघांच्या बचत खात्यांतून निघाले, मुदत ठेव शाबूत राहिली. करारावर दोन्ही नावं आहेत आणि मालकीणबाईंनी माशांना हरकत घेतली नाही.

तारीख ठरवताना मात्र मालकीणबाई हटून बसल्या. जुलैच्या मध्यापासून ‘आडी’ महिना लागतो, त्यात नव्या घरात जायचं नसतं. आपला आषाढच तो! त्यामुळे सामानाचा ट्रक अजून नाशिकच्याही पुढे गेला नव्हता, तरी मालकीणबाईंच्या सांगण्यावरून 14 जुलैला रिकाम्या स्वयंपाकघरात शेजारणीकडून मागून आणलेल्या शेगडीवर तिने पातेलंभर दूध ऊतू जाऊ दिलं.