वेगळ्या दरवाजांच्या मुलखात सायकलवरून

जुलै महिना आला की टीव्हीवर 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत दिसते. हिरवी शेते, दगडी घरांची गावे, वळणावळणाचे घाट आणि त्यांतून माशांच्या थव्यासारखे पुढे सरकणारे सायकलस्वार. आपली मुले डोळे विस्फारून पाहत बसतात. याच रस्त्यांवरून दर उन्हाळ्यात हजारो साधी माणसे आपले सामान सायकलला बांधून, कुणाशीही शर्यत न लावता, गावोगाव हिंडत असतात. त्यांतला एकच मार्ग आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला स्पेनच्या सरहद्दीवर पिरेनीज पर्वत आहे. त्याच्या पायथ्याच्या लूर्द शहरापासून आरो या गावापर्यंतची ही वाट. हीच का निवडली, ते वाचकांना लवकरच कळेल.

सायकलवर हिंडणे हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा चोचला, असे कुणी म्हणेल. फ्रान्समध्येही एके काळी तसेच होते. १९३६ साली तिथल्या कामगारांनी प्रचंड संप केले, कारखाने ताब्यात घेतले. त्यानंतर जूनमध्ये कायदा झाला आणि कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात कामगार नवरा-बायको दोघांच्या जोडसायकलवर बसून प्रथमच समुद्र आणि डोंगर पाहायला निघाले. आपल्याकडे कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजा देणारा कायदा १९४५ साली झाला आणि आठवड्याचे ५४ तास १९४६ साली ४८ वर आले. तेव्हा मजूरमंत्री कोण होते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको!

आता वाटेला लागू. लूर्द हे ख्रिस्ती लोकांचे मोठे तीर्थक्षेत्र. नवसासायासांच्या गर्दीत आम्हाला रस नाही, म्हणून तिथे न रेंगाळता दक्षिणेकडे निघायचे. जुनी रेल्वेलाईन बंद झाली, रूळ उखडले आणि त्या जागी सायकलींसाठी गुळगुळीत रस्ता झाला. या रस्त्यावर मोटारींना मज्जाव आहे. सुमारे १८ किलोमीटरची ही वाट नदीच्या खोऱ्यातून प्येरफित गावापर्यंत जाते. रेल्वेचीच वाट असल्याने चढ अगदी सौम्य, लहान मुलांनाही झेपेल असा. आर्जेलेस-गाझोस्त गाव मागे पडले की उजव्या हाताला टेकडीवर सँ-सावँ हे लहानसे गाव दिसते. वाट सोडून तिथे चढायचे.

सँ-सावँच्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये एक दगडी कुंडी आहे. चर्चमध्ये शिरताना ख्रिस्ती माणूस पवित्र पाण्यात बोटे बुडवतो, त्या पाण्याची ही कुंडी. पण ही सगळ्यांसाठी नव्हती. ही होती 'कागों'ची कुंडी.

कागो म्हणजे कोण? फ्रान्सचे अस्पृश्य. वाचकहो, हा शब्द आम्ही जपून वापरत आहोत. मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत या भागातल्या गावोगावी कागो म्हणून ठरवलेली घराणी होती. त्यांची वस्ती गावाच्या कडेला. चर्चमध्ये त्यांना बाजूच्या ठेंगण्या दरवाजाने यावे लागे, बसायची जागा वेगळी, पुरायची जागाही वेगळी. लग्न आपसांतच. काही ठिकाणी अंगरख्यावर बदकाच्या पायाच्या आकाराचे लाल कापड लावण्याची सक्ती होती. मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद करताना पाद्री नावापुढे 'कागो' असे लिहून ठेवी. शेती त्यांना वर्ज्य. सुतारकाम, दोर वळणे, पिपे करणे एवढेच धंदे त्यांना मोकळे होते. याच मुलखातल्या मोंतानेरच्या किल्ल्याचे लाकूडकाम करण्यासाठी १३७९ साली तिथल्या सरदाराने कागो सुतारांशीच करार केला होता. म्हणजे त्यांच्या हातचे छप्पर डोक्यावर चालत होते, फक्त हात लागलेला चालत नव्हता!

आणि हे लोक दिसायला निराळे होते काय? मुळीच नाही. रंग तोच, भाषा तीच, धर्म तोच. कुणी म्हणे हे महारोग्यांचे वंशज, कुणी म्हणे हरलेल्या सैन्याचे, कुणी म्हणे पाखंडी पंथाचे. विद्वानांचे आजही एकमत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्य आणि स्पृश्य यांच्यात वंशाचा भेद नाही असे मांडले, त्याची इथे आठवण होते. वंशभेद नसतानाही माणूस माणसाला शतकानुशतके बाहेर ठेवू शकतो, याचा पुरावा पिरेनीजच्या दगडांत कोरलेला आहे. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. कागोंना दूर ठेवा असे बायबलात कुठे लिहिलेले नाही. आपल्याकडे स्मृतींनी ते लिहून ठेवले.

या भागात हिंडणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक गावाच्या कचेरीवर तीन शब्द असतात: स्वातंत्र्य, समता, बंधुता. एकाच गावात चर्चमध्ये कागोंची खूण आणि कचेरीवर हे शब्द. बाबासाहेबांनी १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितले होते की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तरीही राज्यक्रांतीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. १७२३ साली बोर्दोच्या न्यायालयाने 'कागो' म्हणून हिणवणाऱ्याला दंड ठरवला होता (आपला अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा), पण कायद्याने सर्वांना सारखे केले ते १७८९ च्या क्रांतीने. त्या धामधुमीत कागोंनी आपल्या जन्माच्या नोंदी असलेली दप्तरे नष्ट केली, असेही सांगतात.

प्येरफितनंतर वाट अरुंद दरीतून ल्युझला जाते आणि तिथून तूर्मालेचा घाट लागतो. १९ किलोमीटरचा सलग चढ. माथा २,११५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटर उंच. दर किलोमीटरला उंची आणि पुढचा चढ सांगणारी पाटी असते. दम लागला की उतरून सायकल हाती धरून चालावे, त्यात कमीपणा नाही. उन्हाळ्याच्या दिवसांतच यावे, कारण हिवाळ्यात बर्फाने घाट बंद असतो.

पलीकडच्या उतारावर सँत-मारी-द-काँपाँ गाव आहे. १९१३ च्या शर्यतीत एझेन क्रिस्तोफ या सायकलपटूच्या पुढच्या चाकाचा काटा याच उतारावर मोडला. दुसऱ्याची मदत घेणे नियमाने बंद होते. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत इथे आला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच काटा जोडला. तो पूर्वी कुलपे करणारा कारागीर होता, म्हणून ते जमले. एका पोराने भाता हलवला म्हणून पंचांनी त्यालाही दंड केलाच! गावात त्याचा पुतळा आहे. खाली काँपाँ गावात कागोंची वेगळी वस्ती होती. त्यांच्यासाठी मात्र असा पुतळा कुणी उभारलेला नाही.

पाण्याची सोय कशी, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात आधी येणार. महाडचे २० मार्च १९२७ ज्यांच्या रक्तात आहे त्यांनी तो विचारलाच पाहिजे. गावोगाव दगडी कारंजी व नळ आहेत. पाटीवर 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचे पाणी. त्याच्या आत 'नाँ' शब्द असला तर पिऊ नये. कारंजे न सापडले तर सायकलवाले सरळ गावच्या कब्रस्तानात जातात, तिथे झाडांसाठी नळ असतो. बाटली भरणाऱ्याला तू कोण, कुठला, असे कुणी विचारत नाही. याच डोंगराळ मुलखात कागोंना सर्वांच्या झऱ्यावर जायला बंदी होती आणि त्यांचे झरे वेगळे होते.

मुक्कामाला ग्रामपंचायतीची तंबूची मैदाने असतात, हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त. दुपारी दुकाने बंद होतात, म्हणून पाव, फळे सकाळीच घ्यावीत. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे आपल्या माणसाने विसरू नये.

शेवटचा आस्पँचा घाट तूर्मालेच्या मानाने सोपा, माथा १,४८९ मीटर. खाली आरो. इथल्या जुन्या वाड्यात कागोंवर संग्रहालय मांडले आहे. ते उघडे आहे का, हे आधी विचारून जावे. या खोऱ्यांत आज हजारो लोक कागोंच्या वंशातले असणार, पण 'मी कागोंच्या घरातला' असे म्हणणारा क्वचितच भेटतो. शहरात घर भाड्याने घेताना आडनाव बदलून सांगणारे आपल्यातही आहेत, त्यांची कुचंबणा आम्ही जाणतो. फरक इतकाच की कागोंनी नाव लपवले आणि त्यांचा इतिहास इतरांनी लिहिला.

आरोहून नेस्त नदीच्या काठाने लान्मझाँपर्यंत रस्ता आहे. तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि स्थानिक गाडीत सायकल नेता येते.