कांपो: पुडीतला काढा आणि लिहून देणारा डॉक्टर

दिघीतून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेले, तर अनेक डॉक्टरांच्या नावाखाली बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. ही अक्षरे दिसतात. भोसरीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून तापाने फणफणत आलेला कामगार यांच्याच दारात उभा राहतो आणि बहुतेक वेळा त्याच्या हाती पॅरासिटामॉल आणि सोबत एखादी अँटिबायोटिकची पट्टी पडते. बी.ए.एम.एस.साठी साडेचार वर्षे चरक-सुश्रुत शिकायचे, वर्षभर इंटर्नशिप करायची आणि चिठ्ठीवर मात्र आधुनिक गोळी लिहायची, हे आपल्याकडे इतके रुळले आहे की त्यात कुणाला वेगळे काही वाटत नाही. जपानमध्ये याच्या नेमके उलटे चालते. चाकणला ब्रिजस्टोनसारख्या जपानी कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे येणारा एखादा अभियंता त्याच्या गावी सर्दी-अंगदुखीसाठी डॉक्टरकडे गेला, तर एक्स-रे वाचणारा आणि रक्ताच्या तपासण्या लिहिणारा तोच डॉक्टर त्याला ‘काक्कोन्तो’ नावाच्या काढ्याच्या पुड्या लिहून देऊ शकतो. जुन्या वैद्यकाचा पदवीधर आपल्याकडे नवे औषध देतो, तिकडे नव्या वैद्यकाचा पदवीधर जुने औषध देतो. रुग्णाच्या आणि खुद्द परंपरेच्याही दृष्टीने दुसरी व्यवस्था अधिक हिताची आहे, असे माझे मत आहे. ती व्यवस्था कशी घडली आणि तिने कोणती किंमत मोजली, हे दोन्ही पाहिल्याशिवाय मात्र हे मत मान्य करू नये.

या जपानी वैद्यकाचे नाव कांपो. ‘कान’ म्हणजे हान राजवंशाचा चीन आणि ‘हो’ म्हणजे पद्धत. डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपीय वैद्यक जपानात आले, तेव्हा त्याला ‘रांपो’ म्हणू लागले आणि त्याच्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून जुन्याला कांपो हे नाव मिळाले. मूळ विद्या चीनची, कोरियामार्गे पाचव्या-सहाव्या शतकात आलेली. जपानचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना वैद्यकग्रंथ ‘इशिन्पो’ इ.स. ९८४ मध्ये तांबा नो यासुयोरी याने तीस खंडांत संकलित केला. त्याच्याही आधी, इ.स. ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्यो हिने नारा येथील तोदाइजी मंदिराला साठ औषधे अर्पण केली. त्यांची यादी शाबूत आहे आणि त्यातली काही औषधे शोसोइन या कोठारात आजही जपून ठेवलेली आहेत. त्या यादीत ‘करिरोकु’ असे एक नाव आहे. ती आपली हरीतकी, म्हणजे हिरडा. जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, त्याच जातीच्या झाडाचे हे फळ. बौद्ध भिक्षूंबरोबर आणि रेशीम मार्गाच्या व्यापाराबरोबर आपली पिंपळीही तिथवर पोहोचली होती. तेव्हा कांपो आपल्याला अगदीच परके नाही.

कांपोतला निदानाचा विचार आयुर्वेद ऐकत वाढलेल्या माणसाला पटकन कळतो. रोगाच्या नावापेक्षा रुग्णाची त्या वेळची एकूण अवस्था महत्त्वाची. तिला ‘शो’ म्हणतात. सर्दी एकच, पण मान-खांदे आखडलेत, थंडी वाजते आणि घाम नाही, अशा बऱ्यापैकी धडधाकट माणसाला काक्कोन्तो. सांधे ठणकताहेत, ताप चढता आहे आणि प्रकृती दणकट आहे, तर माओतो. अशक्त माणसाला आपोआप घाम येत असेल, तर केइशितो. थंडीने गारठलेल्या, चेहरा फिका पडलेल्या म्हाताऱ्याला आणखी वेगळे. या तपासणीत जपानी वैद्यांनी स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट वाढवली, ती म्हणजे पोट चाचपणे. आधुनिक डॉक्टर पोट तपासताना रुग्णाला गुडघे दुमडायला सांगतो, म्हणजे स्नायू सैल पडतात. कांपोचा वैद्य पाय सरळ ठेवायला सांगतो, कारण त्याला आतला अवयव शोधायचा नसतो, पोटाच्या भिंतीचा ताण वाचायचा असतो. बरगड्यांखाली बोटे शिरवताना अडथळा लागतो का, बेंबीजवळ धडधड जाणवते का, पोटावर टिचकी मारल्यावर पाणी डचमळल्यासारखा आवाज येतो का, यावरून कोणता काढा द्यायचा ते ठरते. अठराव्या शतकातल्या योशिमासु तोदो याने पंचमहाभूतांसारखी तत्त्वचर्चा बाजूला सारून हाताला काय लागते आणि औषधाने काय होते, एवढ्यावरच भर दिला. कांपोचा पुढचा बराच व्यवहारी स्वभाव त्याच्याकडून आलेला आहे.

जुने आणि नवे एकाच हाती आले की काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण हानाओका सेइश्यू. तो कांपोही शिकला आणि डच पद्धतीची शस्त्रक्रियाही. धोत्रा आणि बचनाग या जातीच्या विषारी वनस्पतींचा भूल देणारा काढा तो वर्षानुवर्षे सुधारत राहिला. पत्नीने तो स्वतःवर आजमावू दिला आणि त्यात तिची दृष्टी गेली, असे सांगतात. १३ ऑक्टोबर १८०४ रोजी त्याने हा काढा पाजून साठ वर्षांच्या एका बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १८४६ साली, म्हणजे त्यानंतर बेचाळीस वर्षांनी. धोत्रा आपल्याकडे कुंपणाकुंपणाला उगवतो आणि त्याचे गुण-अवगुण आपल्या वैद्यांनाही ठाऊक होते. तो देणाऱ्या हाताला शस्त्रही चालवता येत होते आणि रुग्ण दगावला तर उत्तर त्यालाच द्यायचे होते, यात हानाओकाचे वेगळेपण आहे.

यानंतर मेइजी राजवट आली आणि कांपोची वाताहत झाली. १८७४ च्या वैद्यकीय नियमावलीपासून सुरुवात करून १८८३ पर्यंत सरकारने परवाना फक्त पाश्चात्त्य वैद्यकाच्या परीक्षेला बांधला. कांपोच्या वैद्यांनी चळवळ केली, वेगळ्या परवान्याचे विधेयक संसदेपर्यंत नेले, पण १८९५ मध्ये ते फेटाळले गेले. विद्या शिकवणारी घराणी मिटली. हा निर्णय निष्ठुर होता आणि त्याचे समर्थन करावे असे मला वाटत नाही. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट मात्र घडली. ज्यांना कांपो टिकवायचे होते, त्यांना आधी पूर्ण आधुनिक डॉक्टर व्हावे लागले. वादा केइज्यूरो, युमोतो क्यूशिन आणि ओत्सुका केइसेत्सु हे विसाव्या शतकातले पुनरुज्जीवक सगळे परवानाधारक डॉक्टर होते. १९५० मध्ये ओत्सुकाच्या पिढीने जपान प्राच्य वैद्यक संस्था काढली. १९६७ मध्ये पहिली काही कांपो औषधे राष्ट्रीय आरोग्य विम्यात आली, १९७६ मध्ये ती संख्या एकदम वाढली आणि आज १४८ योगांना विम्याचे संरक्षण आहे. २००१ पासून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या मूळ अभ्यासक्रमात कांपो आहे. २००९ साली खर्चकपातीसाठी कांपो औषधे विम्यातून वगळण्याची सूचना आली, तेव्हा नऊ लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि सूचना मागे पडली.

विम्यात येण्यासाठी काढ्याला आधी मोजता येईल असे रूप घ्यावे लागले. तयार पुडी हातात घेतली तर ती फॉइलची, बोटभर लांबीची, आत अडीच ग्रॅम तपकिरी दाणे. मोठ्या कंपनीच्या पुडीवर योगाचा क्रमांक ठळक छापलेला असतो. काक्कोन्तो क्रमांक एक, शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्यांसाठी दिले जाणारे दाइकेन्च्यूतो क्रमांक शंभर. दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी, कोमट पाण्याबरोबर. कारखान्यात मूळद्रव्ये ठरलेल्या प्रमाणात उकळतात, गाळतात, आटवतात, गरम हवेच्या झोतात त्याची भुकटी करतात, मग दुग्धशर्करा मिसळून दाणे पाडतात. ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन किंवा माओ या झुडपातले एफेड्रिन ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे प्रत्येक घाण्याला तपासले जाते. (हे एफेड्रिन नागाइ नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच वेगळे केले होते.) घरी उकळलेल्या काढ्याची चव, वास आणि निवांतपणा या पुडीत नाही. पण ओसाकात आणि होक्काइदोत रुग्णाच्या पोटात एकसारखेच औषध जाते, आणि औषध एकसारखे असल्याशिवाय ते गुण देते की अपाय करते, हे मोजताच येत नाही.

या व्यवस्थेवरचा पहिला आक्षेप मोठा आहे आणि तो कांपोच्या जाणकारांचाच आहे. डॉक्टरांच्या हाती पुडी आली, पण ‘शो’ पाहण्याची नजर आली नाही, रोगाचे नाव बघून औषध द्यायची सवय लागली, असे ते म्हणतात. हा आक्षेप खरा ठरवणारी घटना घडलेली आहे. श्योसाइकोतो हा योग दीर्घकालीन यकृतदाहावर सर्रास दिला जाऊ लागला. त्यातून फुप्फुसाच्या एका गंभीर दाहाचे रुग्ण दिसू लागले. १९९४ मध्ये इंटरफेरॉनबरोबर तो देण्यास मनाई झाली. मार्च १९९६ मध्ये सरकारने तातडीचा इशारा काढला, तेव्हा ८८ रुग्णांची नोंद होती आणि त्यांपैकी दहा दगावले होते. वनौषधीला दुष्परिणाम नसतात, या समजुतीला जपानात तेव्हा मोठा तडा गेला. मला या घटनेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ८८ हा आकडा कळला कसा? औषध डॉक्टरने लिहिले होते, नोंद रुग्णालयात होती, छातीचे चित्र काढणारा आणि काढा देणारा एकाच व्यवस्थेतला होता. आपल्याकडे एखाद्या चूर्णाने कुणाचे यकृत बिघडले, तर बिघाड एका ठिकाणी दिसतो, चूर्ण दुसऱ्या ठिकाणाहून आलेले असते आणि ते घेतल्याचे रुग्ण सांगतही नाही. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद करण्याची योजना आपल्याकडे फार उशिरा आली.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. १९७६ मध्ये विम्यात आलेल्या बहुतेक योगांची आजच्या निकषांची चाचणी झालेली नव्हती, परंपरेतला दीर्घ वापर पुरेसा मानला गेला. हे मान्यच करायला हवे. पुढे झालेल्या चाचण्यांतही सगळीकडे झगझगीत यश नाही, काही ठिकाणी फायदा माफक आहे. पण त्या चाचण्या होऊ शकल्या. आपला १९४० चा औषध कायदा ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला मान्य ग्रंथांच्या आधारे परवाना देतो, आणि २०१० मध्ये आलेल्या १५८ ब या नियमानेही अशा औषधांना मूळ वापरासाठी नव्या चाचणीची सक्ती केलेली नाही. ग्रंथाचा दाखला हा जिथे शेवटचा शब्द मानला जातो, तिथे प्रश्न विचारण्याची गरजच संपते.

आयुर्वेद फार मोठा आहे, पंचकर्म, पथ्य, दिनचर्या पुडीत मावणार नाही, हा तिसरा आक्षेप. तोही खरा. पण अशी जोड आपल्याच मातीत जमली आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सर्पगंधा उच्च रक्तदाबावर तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले, आणि साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. त्याच के.ई.एम.मध्ये पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडथळ्याच्या काविळीच्या तीस रुग्णांत गुळवेलीची चाचणी केली. गुळवेल मिळालेल्या गटात मृत्यू बरेच कमी झाले. संख्या लहान आहे, तिच्यावर इमले बांधू नयेत. पण दोन्ही वेळा वनस्पती जुनी होती आणि मोजणारा डॉक्टर रुग्णाच्या रक्तदाबाला, रक्ताला आणि मृत्यूला जबाबदार होता. १९४८ च्या चोप्रा समितीने दोन्ही वैद्यकांचा एकत्रित अभ्यासक्रम सुचवला होता. शुद्ध आयुर्वेदाच्या आग्रहापुढे ती वाट अर्ध्यावर राहिली. वेगळे महाविद्यालय, वेगळी परिषद, वेगळा परवाना मिळाला, त्यामुळे आयुर्वेद जपानातल्यासारखा चिरडला गेला नाही, हे त्या निर्णयाचे श्रेय आहेच. पण पदवीधराच्या पोटापाण्याचा प्रश्न शेवटी नव्वदच्या दशकातल्या शासकीय अधिसूचनांनी आधुनिक औषधे लिहायची मुभा देऊन सोडवला. दिघीतल्या त्या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही, रात्री-अपरात्री वस्तीत तेच हजर असतात. दोष अशा रचनेचा आहे, जिच्यात त्यांचे शिक्षण एका बाजूला आणि व्यवसाय दुसऱ्या बाजूला पडतो.

म्हणून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला निवडक, प्रमाणित, तपासलेली पन्नासेक आयुर्वेदिक औषधे शिकवावीत, आणि वैद्याला त्याच रुग्णालयाच्या नोंदवहीत बसवावे, एवढीच माझी सूचना आहे. ती अमलात यायला वेळ लागेल. तोवर वाचकाला आजच करता येईल अशी एक गोष्ट आहे. कांपोच्या बहुसंख्य योगांत ज्येष्ठमध असते आणि जपानी डॉक्टर त्याच्यावर बारीक नजर ठेवतात, कारण ते जास्त दिवस घेतले तर रक्तातले पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर हा धोका आणखी वाढतो. आपल्या खोकल्याच्या काढ्यातही हेच ज्येष्ठमध असते. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील, तर घरी कोणता काढा, कोणते चूर्ण, किती दिवस चालू आहे ते पुढच्या खेपेला डॉक्टरांना बाटली दाखवून सांगा.