सिंहासनावरचं पोर

रायपूरहून बोलतोय. आपल्या जुन्या पोथ्या शिळाछापावर निघत, तसंच छापलेलं हे चित्र: ओनोरे दोमिये, पॅरिस, १८४८. फेब्रुवारीत राजा लुई-फिलिप पळाला, जमाव राजवाड्यात शिरला. रस्त्यावरचं एक पोर थेट सिंहासनावर बसलंय आणि गादीत रुतून हरखलंय. त्याला राज्य नकोय. गादी मऊ आहे, एवढंच.

पुढचं चित्रात नाही. नव्या सरकारनं पॅरिसची अशीच गरीब तरुण पोरं दिवसाला दीड फ्रँकवर ‘गार्द मोबील’ या दलात भरती केली. जूनमध्ये सरकारी कामं बंद झाली, मजूर उठले. त्यांच्यावर गोळ्या झाडायला हीच पोरं पुढे होती.

मी आयुष्यभर गणवेश घातला. भरतीला पोरगा पोटासाठी येतो. बंदूक कुणावर रोखायची, हे वरचा ठरवतो. जाबही त्यालाच विचारावा.