वारीच्या मुक्कामी मोबाईल चार्जर

तुकोबांची पालखी आषाढीला पंढरपूरला जाताना बारामतीला आणि इंदापूरला मुक्काम करते. वारकऱ्यांच्या तंबूत प्लग पॉइंट कुठून येणार? १२ व्होल्टची बॅटरी मात्र सहज मिळते. यूएसबीला हवेत ५ व्होल्ट.

आपल्याला आधी आठवते ती ७८०५. पण मित्रांनो, हिशोब करा. १ अँपिअर करंट घेतला, तर उरलेल्या ७ व्होल्टचे ७ वॅट नुसते उष्णतेत जातात. मोबाईलला मिळतात ५ वॅट! हीटसिंक नसेल तर आयसी तापून बंदच पडते. त्याऐवजी एलएम २५९६ वापरा. ही स्विचिंग आयसी साधारण ८० टक्के कार्यक्षमता देते, म्हणजे त्याच बॅटरीवर जवळजवळ दुप्पट मोबाईल चार्ज होतात.

पोर्टच्या डी प्लस आणि डी मायनस या पिना एकमेकींना जोडा. नाहीतर बरेच फोन चार्जर ओळखत नाहीत आणि कमी करंट घेतात.

टेस्टिंगला लगेच कुणाचा मोबाईल लावू नका. ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे १ अँपिअरचा लोड मिळेल. अर्धा तास चालवून पोर्टवर व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ मध्ये राहिलं तर पास. बॅटरीच्या प्लस वायरला फ्यूज हवाच. शेवटी फोन वारकऱ्याचा आहे, आणि घरचे त्याच्या फोनची वाट बघत असतात.