विश्लेषण : प्रदर्शनातले सोंग कधी फळते, कधी अंगलट येते?

भाड्याने आणलेले आंदोलक, हातात फलक, तोंडी घोषणा आणि प्रदर्शनाच्या दारात खोटा मोर्चा. सन २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका नवख्या कंपनीने ही युक्ती केली आणि तिचे नाव झाले. नऊ वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये एका बड्या कंपनीने जवळपास तीच युक्ती केली, तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठली. व्यापार प्रदर्शनात गर्दी खेचण्यासाठी वेशभूषा, विनोद आणि थोडा खोडसाळपणा सर्रास वापरला जातो. पण एकाचा विनोद खपतो आणि दुसऱ्याला माफी मागावी लागते, असे का होते?

सोंगांची गरज का भासते?

मोठ्या प्रदर्शनात एकाच छताखाली शेकडो स्टॉल असतात. येणारा माणूस चालता चालता प्रत्येक स्टॉलकडे जेमतेम काही सेकंद पाहतो. जागेचे भाडे, सजावट, मालाची ने-आण, कर्मचाऱ्यांचा प्रवास आणि हॉटेल असा खर्च करून आलेल्या कंपनीला त्या काही सेकंदांतच त्याला थांबवायचे असते. मोक्याच्या जागा बड्या कंपन्यांकडे जातात. कोपऱ्यातला छोटा स्टॉल मिळालेल्यांना लक्ष वेधण्यासाठी काहीतरी निराळे करावे लागते. मग कोणी कर्मचाऱ्यांना अंतराळवीर करते, कोणी समुद्री चाचे, कोणी राक्षस. यात गैर काहीच नाही. प्रश्न येतो तो विनोदाचा विषय निवडताना.

सॅन फ्रान्सिस्कोत काय घडले?

सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली. ग्राहकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर विकत घेऊन आपल्या संगणकांवर बसवण्याऐवजी ते इंटरनेटवरून वापरा, असे ती सांगत होती. या व्यवसायात तेव्हा सिबेल सिस्टिम्सचा दबदबा होता. २००० मध्ये सिबेलचे ग्राहक संमेलन सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये भरले होते. सेल्सफोर्सने तिथे कलाकारांना आंदोलक बनवून पाठवले. सॉफ्टवेअरचा जमाना संपला, अशा आशयाच्या त्यांच्या घोषणा होत्या. सोबत खोट्या वृत्तवाहिनीचे पथकही होते. सिबेलच्या अधिकाऱ्यांनी पोलिसांना बोलावले आणि त्यामुळे या नाटकाचा आणखी गवगवा झाला.

सेल्सफोर्सच्या उद्घाटन सोहळ्यातही सोंगे होती. नाट्यगृहाच्या खालच्या मजल्यावर चक्क नरक उभारला होता. तिथे पिंजऱ्यात कोंडलेले 'विक्रेते' महागड्या करारावर सही करण्यासाठी पाहुण्यांच्या विनवण्या करत होते. कंपनीचे संस्थापक मार्क बेनिऑफ यांनी 'बिहाइंड द क्लाउड' या २००९ च्या पुस्तकात हे सारे सांगितले आहे. या मोहिमेनंतर दोन आठवड्यांत हजाराहून अधिक संस्थांनी सेवेसाठी नोंदणी केली, असा त्यांचा दावा आहे.

लॉस एंजेलिसमध्ये काय बिघडले?

जून २००९ मध्ये लॉस एंजेलिसला ई-थ्री हे व्हिडिओ गेम उद्योगाचे प्रदर्शन भरले होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे 'ईए' ही कंपनी 'दान्तेज इन्फर्नो' नावाचा गेम आणणार होती. इटालियन कवी दान्ते याच्या महाकाव्यातील नरकाच्या नऊ वर्तुळांवर तो बेतलेला होता. प्रदर्शनाबाहेर अचानक ख्रिस्ती आंदोलकांचा एक गट जमला. नरक हा खेळ नव्हे, असे त्यांच्या फलकांवर लिहिले होते. प्लेस्टेशन द्या आणि 'प्रेस्टेशन' घ्या, अशी प्रार्थनेवरची कोटीही होती. काही माध्यमांनी हा निषेध खरा समजून बातम्या दिल्या. नंतर कंपनीनेच ही माणसे आणल्याचे उघड झाले. आपल्या श्रद्धेचे सोंग करून माल विकला जात असल्याबद्दल काही ख्रिस्ती मंडळींनी उघड नाराजी व्यक्त केली.

पुढच्याच महिन्यात सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात याच गेमसाठी 'सिन टू विन', म्हणजे पाप करा आणि जिंका, अशी स्पर्धा जाहीर झाली. स्टॉलवरच्या मॉडेलसोबत वासनेचे कृत्य करा, त्याचे छायाचित्र पाठवा आणि बक्षीस म्हणून दोन सुंदर मुलींसोबत जेवण मिळवा, असा तिचा मजकूर होता. स्पर्धा ईएच्या मॉडेलपुरती मर्यादित नव्हती. मेळाव्यातल्या कुठल्याही कंपनीच्या मॉडेलसोबतचे छायाचित्र तिला चालणार होते. म्हणजे ज्या तरुणींचा या गेमशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या अंगचटीला जाण्याचे आमंत्रणच गर्दीला मिळाले. टीका सुरू झाल्यावर कंपनीने खुलासा केला. 'कृत्य' म्हणजे फक्त एकत्र छायाचित्र काढणे, असे सांगून शब्दांच्या निवडीबद्दल तिने माफी मागितली.

दोन्हींत फरक काय?

दोन्ही मोहिमांत खोटे आंदोलक होते, दोन्हींत नरकही होता. सेल्सफोर्सचा विनोद मात्र आपल्याहून कितीतरी मोठ्या प्रतिस्पर्ध्यावर होता. त्या सोंगातच मालाची सगळी गोष्ट सामावली होती. फलक वाचणाऱ्याला ही कंपनी काय विकते आणि कोणाशी भांडते, हे लगेच कळत होते. ईएच्या पहिल्या नाटकात टिंगल झाली ती श्रद्धाळू माणसांची. त्यांची गेमशी ना स्पर्धा होती ना भांडण. दुसऱ्या प्रकारात स्टॉलवर रोजंदारीने उभ्या राहणाऱ्या तरुणींना गंमतीचे साधन करण्यात आले. त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

आणखी एक फरक परवानगीचा आहे. सेल्सफोर्सचे कलाकार ठरलेली भूमिका करत होते. कॉमिक-कॉनमधल्या इतर कंपन्यांच्या मॉडेलना आपण कोणत्या नाटकात आहोत हेच ठाऊक नव्हते. वेशभूषा केली म्हणजे अंगाला हात लावण्याची मुभा दिली असे होत नाही, हे मेळाव्यांना पुढे फलक लावून सांगावे लागले. न्यूयॉर्क कॉमिक-कॉनने २०१४ मध्ये असे फलक ठिकठिकाणी लावले होते.

तोकड्या कपड्यांनी विक्री वाढते का?

प्रदर्शनांतली सर्वांत जुनी क्लृप्ती म्हणजे तोकड्या वेशातील तरुणी स्टॉलवर उभ्या करणे. अमेरिकेत त्यांना 'बूथ बेब्स' म्हटले जाते. स्पेन्सर चेन या मार्केटिंग अधिकाऱ्याने एका प्रदर्शनात याची चाचणी घेतली. कंपनीचे दोन स्टॉल होते. एकावर मॉडेल ठेवल्या. दुसऱ्यावर लोकांशी बोलण्यात तरबेज अशा अनुभवी, वयाने मोठ्या महिला नेमल्या. मॉडेल असलेल्या स्टॉलवर दुसऱ्याच्या तुलनेत एक तृतीयांश लोक थांबले आणि संभाव्य ग्राहकांच्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या, असे त्याने २०१४ मध्ये 'टेकक्रंच'वर लिहिले.

हा एकाच कंपनीचा अनुभव आहे. तरी त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. छायाचित्र काढून निघून जाणारा माणूस गर्दी वाढवतो, ऑर्डर देत नाही. ज्याला खरेदी करायची आहे त्याला यंत्राची क्षमता, किंमत, हमी आणि दुरुस्ती यांची माहिती हवी असते. ती देऊ शकणारे कोणी समोर दिसले नाही तर तो पुढच्या स्टॉलकडे वळतो. खरेदीचा निर्णय घेणाऱ्या अनेक महिला असतात आणि अशा स्टॉलवर त्यांना अवघडल्यासारखे होते, हाही मुद्दा आहेच.

आयोजकांनी काय पावले उचलली?

ई-थ्रीच्या आयोजकांनी २००६ मध्येच अर्धनग्न मॉडेलवर बंदी घालून नियम मोडणाऱ्याला ५ हजार डॉलर दंडाची तरतूद केली. शांघायच्या वाहन प्रदर्शनाने २०१५ मध्ये मॉडेलना फाटा दिला. त्याच वर्षी सायबर सुरक्षेच्या आरएसए परिषदेने स्टॉलवरील कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयीन पोशाखाचा नियम केला. तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता. लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनाने २०२० पासून अंगप्रदर्शन करणाऱ्या कपड्यांना मनाई केली.

तरीही चुका थांबल्या नाहीत. मार्च २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाने पार्टी दिली. तिथे शाळकरी मुलींसारख्या तोकड्या वेशात नर्तकी नाचवल्या. त्याच दिवशी कंपनीने गेम उद्योगातील महिलांसाठी भोजन समारंभ ठेवला होता. विभागाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांना जाहीर माफी मागावी लागली. दुपारी महिलांचा सन्मान आणि रात्री हा प्रकार, ही विसंगती लोकांना विसरता आली नाही.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

मुंबईत गोरेगावच्या नेस्कोमध्ये किंवा पुण्याजवळ मोशीत स्टॉल लावणाऱ्यालाही काही कायदे ठाऊक हवेत. स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन (प्रतिबंध) कायदा, १९८६ हा जाहिरातींना लागू होतो. त्यामुळे स्टॉलवरचे फलक आणि पत्रके तपासून घ्यावी लागतात. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे.

महाराष्ट्रात हमखास दुर्लक्षिला जाणारा कायदा १९५० चा आहे. बोधचिन्हे आणि नावांचा गैरवापर रोखणाऱ्या या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. महाराजांच्या वेशातील कलाकार उभा करून शेजारच्या फलकावर त्यांचे नाव किंवा चित्र छापले, तर अडचण येऊ शकते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही महत्त्वाचा आहे. कामानिमित्त जावे लागणारे ठिकाण त्यात 'कामाचे ठिकाण' मानले जाते आणि कंत्राटदारामार्फत आलेली किंवा रोजंदारीवरची महिलाही कर्मचारी ठरते. म्हणजे तीन दिवसांसाठी एजन्सीकडून आलेल्या तरुणीची जबाबदारी स्टॉल लावणाऱ्याला झटकता येत नाही.

मग गंमत करायचीच नाही का?

जरूर करावी. त्याआधी चार गोष्टी तपासल्या तर पुढचा मनस्ताप टळतो. पहिली, सोंग पाहून आपला माल कळतो का? पाणी वाचवणारे यंत्र विकणाऱ्याने रिकाम्या घागरी घेऊन गाऱ्हाणे गाणारी पात्रे उभी केली तर अर्थ लागतो, चाचे उभे केले तर लागत नाही. दुसरी, हसू कोणावर आहे? स्वतःवर, मालाच्या अडचणीवर किंवा आपल्याहून बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर असेल तर लोक साथ देतात. कोणाची जात, धर्म, शरीर किंवा गरिबी यांवर असेल तर तो विषय सोडावा. तिसरी, वेश घालणाऱ्याने मनापासून होकार दिला आहे का? वरिष्ठांना नाही म्हणता येत नाही म्हणून राक्षस झालेला विक्री प्रतिनिधी ग्राहकाशी मोकळेपणाने बोलू शकत नाही. जाड मुखवट्यातल्या माणसाला दर तासाला विश्रांती, पाणी आणि सोबतीला एक जण लागतो, हेही आधीच ठरवावे. चौथी, या स्टॉलचे छायाचित्र उद्या संदर्भ गाळून मोबाइलवर फिरले तर काय दिसेल?

प्रदर्शन संपल्यावर गर्दी किती जमली यापेक्षा किती जणांनी पुन्हा फोन केला, हा हिशेब महत्त्वाचा असतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. छोट्या उद्योजकाचा वर्षभराचा प्रसिद्धीचा पैसा कित्येकदा अशा एकाच स्टॉलवर लागलेला असतो. तो माफीनामा लिहिण्यात जाऊ नये, एवढी खबरदारी तरी घ्यायला हवी.