फॉस्फोटंग्स्टिक आम्ल व ऋण अभिरंजन

फॉस्फोटंग्स्टिक आम्लाच्या ऋणायनात एका फॉस्फरस अणूभोवती टंग्स्टनचे १२ व ऑक्सिजनचे ४० अणू रचलेले असतात. ही रचना केगिन यांनी १९३३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उकलली. टंग्स्टनचा अणुक्रमांक ७४ असल्यामुळे इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन विपुल होते.

हे संयुग वस्तूला चिकटेल की तिच्याभोवती नुसते साचेल, हे प्रामुख्याने विद्रावाचे पीएच मूल्य ठरविते. तीव्र अम्लीय विद्रावात प्रथिने धनभारित होऊन ऋणायनास धरून ठेवतात. मॅसन यांच्या त्रिरंगी पद्धतीत ते अम्लीय रूपातच वापरले जाते. तेथील त्याच्या नेमक्या कार्याविषयी मात्र मतभेद आहेत. उलट, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने उदासीन केलेला १ ते २ टक्के विद्राव विषाणूभोवती वाळतो व गडद पार्श्वभूमीवर कण उजळ दिसतो. ब्रेनर व हॉर्न यांच्या १९५९ मधील लेखाने ही पद्धत रूढ झाली.

उदासीन विद्रावात मूळ ऋणायन अखंड राहत नाही, इकडे सहसा दुर्लक्ष होते. पीएच २ च्या सुमारासच त्यातून टंग्स्टन सुटू लागते. बाटलीवरील सूत्र जाळीवरील पदार्थाचे नव्हे. शिवाय काही बहुघटकी प्रथिने या विद्रावात विलग होतात. अशा वेळी युरॅनिल ॲसिटेटने घेतलेल्या चित्राशी तुलना केल्यावाचून घटकांची संख्या ठरवू नये.