मुलांची बुद्धी व घरची रीत

मूल मंद निघाले की आपण कुळास किंवा नशिबास बोल लावतो. घरच्या रीतीकडे पाहत नाही. जमैका बेटात किंग्स्टन शहरी १९८६-८७ साली खुरटलेल्या १२९ गरीब बालकांवर प्रयोग आरंभिला गेला. दोन वर्षे काहींस दुधाचा पूरक आहार मिळाला; काहींच्या घरी दर आठवड्यास सेविका जाऊन आईस मुलाशी खेळण्याबोलण्याची रीत शिकवी; काहींस दोन्ही लाभले. दोन्ही उपायांनी बुद्धी वाढली. दोन्ही लाभलेली मुले सर्वांत पुढे गेली. वीस वर्षांनी मात्र नुसत्या आहाराचा गुण उरला नव्हता. ज्यांच्या आयांस ती रीत शिकविली, त्यांची कमाई सुमारे शेकडा २५ अधिक भरली. तेव्हा दुधाचा रतीब लावून बापाचे कर्तव्य संपत नाही. मुलीस शाळेतून काढणारा गृहस्थ आपल्या नातवंडांचेच भांडवल बुडवितो, असे आमचे स्पष्ट मत आहे.